बंदुकीचा डोस

हे तुम्हाला सांगावं की नाही, याचा मी तीन दिवस विचार केला. मग म्हटलं, आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये लोक माझाच किस्सा मलाच ऐकवून हसतायत, तर मीच का नको सांगू? निदान खरा तरी सांगेन! आणि आधीच एक ठरवून टाकू. चूक माझी होती, मान्य. पण सगळी नव्हती. जेवढी नव्हती, तेवढ्यासाठी मी कुणाचीही माफी मागणार नाही. बू फहदची तर नाहीच नाही!

हा बू फहद कोण, ते येईलच. आधी माझं ऐका.

मी बी.फार्म. नाशिकला औषधांच्या कंपनीत चांगली नोकरी होती. लग्न झालं आणि कुवेतला आले. नवरा, अमोल, शुऐबाच्या औद्योगिक वसाहतीत एका प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर. इथं औषधाच्या दुकानात नुसतं उभं राहायचं म्हटलं तरी मंत्रालयाचं लायसन्स हवं. त्यासाठी परीक्षा, शिक्के, कागद, मग त्या कागदांवर शिक्के. तेवढ्यात ओवी झाली. मग काय, माझी सगळी फार्मसी एकाच पेशंटवर सुरू झाली.

ओवी आता चार वर्षांची आहे आणि दर शुक्रवारी सकाळी वजनकाट्यावर उभी राहते. आमच्या फ्रिजवर तक्ता आहे: वजन इतकं, तर तापाचं औषध इतके मिली. अमोल म्हणतो, "भाजीवालासुद्धा एवढ्या वेळा वजन करत नाही गं!" म्हणू दे. लहान मुलांना औषध वजनावर द्यायचं असतं. कमी दिलं तर ताप उतरत नाही, जास्त दिलं तर भलतंच होतं. यात हसण्यासारखं काय आहे?

तर गेल्या हिवाळ्यात सासूबाई नाशिकहून आल्या आणि ओवीला बघायला घरात माणूस झालं. त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरचे मुश्ताकभाई भेटले. मुश्ताकभाई दापोलीकडचे. बावीस वर्षं राई नावाच्या इथल्या बाजारपेठेतल्या एका शोरूममध्ये आहेत. तंबू, थर्मास, ससाण्यांची सामग्री आणि शिकारीच्या बंदुका. बंदुकांचं दालन वेगळं, काचेआड, आणि तिथं लायसन्सवाल्या कुवेती माणसाशिवाय कुणाला काडतूससुद्धा मिळत नाही.

"वहिनी," मुश्ताकभाई म्हणाले, "आमच्या शेटला पाट्या लिवायला मानूस हवाय. इंग्रजीत. तुमचा इंग्रजी म्हंजे काय बोलायचा काम नाय. याल काय?"

बघा हं गंमत! औषध विकायला लायसन्स हवं होतं. बंदुकीबद्दल लिहायला कुणी काहीच मागितलं नाही.

घरी सांगितलं तर सासूबाईंनी हातातली भाजी खाली ठेवली. "बंदुकीच्या दुकानात? अगं, परवा झुरळ दिसलं तर तू ओट्यावर चढलीस!"

"ते उडणारं होतं, आई."

अमोल मात्र शांत होता. तो फोनमधून मान वर न करता म्हणाला, "एक महिन्याची ट्रायल आहे ना? जाऊ दे की एक महिना."

ऐकलंत? 'जाऊ दे की एक महिना.' ओवीला चित्रकलेच्या क्लासला घालताना याच आवाजात म्हणाला होता तो. त्या क्षणी मी ठरवलं, महिन्याच्या शेवटी पक्की होऊन दाखवीन. नाही झाले, तर पुन्हा फ्रिज, पुन्हा तक्ता, आणि जन्मभर 'जाऊ दे की'!

पहिले दोन आठवडे सोपे गेले. तंबूवर लिही, थर्मासवर लिही. मग एके दिवशी बू फहदचा फोन आला. बू फहद म्हणजे मालक. इथं मोठ्या मुलाच्या नावानं बापाला हाक मारतात, म्हणून फहदचा बाप तो बू फहद. दुकानात तो फारसा यायचाच नाही; आमचं सगळं फोनवर. मी त्याला तोवर पाहिलंसुद्धा नव्हतं. हे महत्त्वाचं आहे. माझ्या बाजूनं बोलायला एवढा एकच मुद्दा आहे, तेव्हा तो नीट ऐकून ठेवा.

तो म्हणाला, सीझन आला. नवी पोरं येतात आणि सगळ्यात मोठी बंदूक मागतात. कुठल्या शिकारीला कुठली बंदूक, याचा एक मोठा फलक कर. गुरुवारी मी येतो बघायला. खलास. फोन बंद.

मुश्ताकभाई म्हणाले, "मी सांगतो, तुमी लिवा. धा मिन्टाचा काम."

इथं माझं चुकलं. हो म्हणायला हवं होतं. पण आदल्याच दिवशी मी त्यांना दुकानाच्या ड्रायव्हरला सांगताना ऐकलं होतं, 'वहिनीला मीच शिकवून तयार करतंय.' शिकवून! फर्स्ट क्लास बी.फार्मला!

"नको मुश्ताकभाई," मी म्हटलं, "मी वाचून करते."

आणि वाचलं की हो मी! तीन दुपारी घरी येऊन, ओवी झोपली की मी वाचत होते. पहिल्या दुपारी नळी, दस्ता, चाप यांतच गुंतले. दुसऱ्या दुपारी एका ठिकाणी वाचलं: बंदूक जनावराला पुरेशी हवी. लहान गोळी लागली तर ते जखमी होऊन पळतं आणि कुठंतरी झुडपात दिवसदिवस तडफडतं. फार मोठी लागली तर मांसाचा चेंदा होतो, खायला काही उरत नाही. बरोबर मापाची लागली, तर एका गोळीत संपतं. त्याला कळतसुद्धा नाही.

मी ताडकन उठून बसले. अहो, हे तर आमचंच शास्त्र! कमी दिलं तर गुण नाही, जास्त दिलं तर अपाय. हा तर डोस आहे! आणि डोस कशावर ठरतो?

तिसऱ्या दुपारी फलक तयार. डावीकडे किलो, उजवीकडे त्या वजनाला पुरणाऱ्या रायफलचं माप. तीन किलोपर्यंत पॉइंट टू टू: ससा, बदक, कबूतर, लावा. तीस-चाळीस किलोला टू फोर थ्री: छोटी हरणं. शंभरच्या आसपास थ्री नॉट एट: रानडुक्कर, डोंगरी बोकड. आणि टनाच्या हिशेबात गेलं की थ्री सेव्हन्टी फाइव्ह: रानरेडा, हत्ती. कुवेतच्या वाळवंटात हत्ती नाही, एवढं मलाही कळतं. पण इथली हौशी मंडळी शिकारीला पार आफ्रिकेपर्यंत जातात, त्यांची सोय नको?

सगळ्यात खाली सवयीनं लिहिलं गेलं: 'कोरड्या व थंड जागी ठेवावे. लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये.' नंतर वाचताना मी खोडायला गेले आणि थांबले. यात चुकीचं काय आहे, तुम्हीच सांगा!

मोठ्ठा छापून घेतला, वर प्लॅस्टिक चढवलं, आणि बुधवारी सकाळी बंदुकांच्या दालनात टांगला. मुश्ताकभाई समोर उभे राहून बराच वेळ वाचत होते. ओठ हलत होते.

"वहिनी, ह्यो ससा नि ह्या बदक एकाच खान्यात बसलेत."

"दोघंही दीड-दोन किलोंचीच असतात, मुश्ताकभाई."

"पन बदकाला पंख असतात ना."

"पंखांचं वजन धरलंय मी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग फलकाकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरं." आणि मागच्या मशिदीत दुपारच्या नमाजाला निघून गेले. कोकणातला माणूस वाद न घालता 'बरं' म्हणून निघाला की आपण दाराला कडी लावून विचार करत बसावं. मी नाही बसले. मला वाटलं, जळतात!

आता मी दुकानात एकटी. एवढ्यात काचेचं दार ढकलून एक म्हातारे गृहस्थ आत आले. पांढरा स्वच्छ पायघोळ दिशदाशा, हातात काठी, डोळ्यांवर बाटलीच्या बुडासारखा चष्मा. ते कुणाला न विचारता सरळ काउंटरच्या आतल्या खुर्चीत येऊन बसले. मला वाटलं, थकलेत बिचारे. मी पाणी दिलं.

"कहाँ की है, बेटी? बंबई?" अस्खलित हिंदी! लहानपणी वडिलांबरोबर खजुराच्या गलबतावरून मुंबईला जायचे म्हणे, दोन वर्षं तिथल्या शाळेतही होते. मला इतकं बरं वाटलं! आमचं पुढचं बोलणं हिंदीत झालं, पण तुम्हाला मी मराठीतच सांगते.

आजोबांनी काठीनं फलक दाखवला. "हे कुणी लिहिलं?"

"मी!" मी म्हटलं. अशी उभी राहिले होते की जणू बंदुकीचा शोधच मी लावला.

"बदकाला पॉइंट टू टू?"

"दीड किलोला पुरते."

"बसलेल्या की उडणाऱ्या?"

आता हा काय प्रश्न झाला? मी म्हटलं, "आजोबा, उडताना वजन कमी होतं का?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. डोळे मिचमिचे झाले होते. मला वाटलं उन्हानं. "नाही," ते म्हणाले, "वजन तेवढंच राहतं. शाबास. माझं एक काम करशील? मला एका जनावरासाठी बंदूक हवी आहे."

माझं पहिलं गिऱ्हाईक! आणि उद्याच मालक येणार! मी वही काढली. पेशंटची हिस्टरी घ्यायची आम्हाला सवयच असते.

"वजन किती?"

आजोबांनी अंदाज घेतला. "एकशे दहा किलो. गेल्या वर्षी शंभर होता."

"वाढतंय म्हणजे. दिसायला कसा?"

"मान जाड. पोट सुटलेलं. दाढी आहे."

दाढी! मी फलकाकडे पाहिलं. शंभरच्या घरात आणि दाढीवाला म्हणजे डोंगरी बोकड! वाचलेलं सगळं कसं फटाफट आठवत होतं. माझा मलाच अभिमान वाटला.

"राहतो कसा? म्हणजे, सवयी काय?"

"दुपारपर्यंत झोपतो. रात्रभर खातो. कुणाचं ऐकत नाही."

"वय?"

"बेचाळीस."

इथं मी अडखळले, हे कबूल करते. बोकड बेचाळीस वर्षं जगतो? पण मग वाटलं, हत्ती सत्तर जगतो, कासव दीडशे जगतं, तर डोंगराच्या चांगल्या हवेत एखादा बोकड बेचाळीस का नाही जगणार? आणि विचारून अडाणी कशाला ठरायचं? मी वहीत लिहिलं: 'वयस्क. कातडी जाड असणार.'

तेवढ्यात मुश्ताकभाई नमाजाहून परत आले. आजोबांना पाहिलं आणि दारातच खांबासारखे थिजले. मग तंबूंच्या ढिगाआडून मराठीत म्हणाले, "वहिनी, गप ऱ्हावा."

"मी गिऱ्हाइकाशी बोलतेय, मुश्ताकभाई."

"अवो, ता गिऱ्हाईक नाय."

"तुम्ही मध्ये बोलू नका!"

ते कपाळाला हात लावून एका घडीच्या खुर्चीवर बसले. ती खुर्ची त्यांच्यासकट घडी झाली. मी लक्ष दिलं नाही.

"किती अंतरावर असतो?" मी आजोबांना विचारलं. "म्हणजे दुर्बीण लावायची की नाही ते ठरवता येईल."

आजोबा म्हणाले, "मी बोलावलं की लांब पळतो. त्याला काही हवं असलं की अगदी गुडघ्याशी येऊन बसतो."

"लबाड आहे हो!"

"फार!" आजोबा खुर्चीत पुढे सरकले. त्यांना माझं बोलणं फारच पटायला लागलं होतं. "लहानपणी असा नव्हता."

लहानपणापासून पाळलाय आणि आता मारायला निघालेत! माझ्यातली आई जरा हलली. म्हटलं, "आजोबा, मग त्याला त्रास नको व्हायला. एकाच गोळीत काम झालं पाहिजे. मांस खाणार आहात का? त्यावरही ठरतं."

"मांस?" त्यांनी दोन्ही कानांना हात लावले. "ला, ला! नाही, हराम!"

"मग मुंडकं भिंतीवर लावणार?"

यावर मात्र आजोबा एकदम थांबले. इथं प्रत्येक कुवेती घरात एक दिवाणिया असते, पुरुषांची बैठक. संध्याकाळी मित्र, भाऊ, मुलगे येऊन बसतात, चहा-कॉफी होते, गप्पा होतात. आजोबा हळू आवाजात म्हणाले, "माझ्या दिवाणियाच्या भिंतीवर लावीन. निदान एक संध्याकाळ तरी माझ्यासोबत बसेल."

कोण बसेल, हे मी विचारायला हवं होतं की नको? पण मी डोस काढण्यात गढले होते.

"थ्री नॉट एट!" मी निकाल दिला. कपाटातून मुश्ताकभाईंना ती काढायला लावली. ते काढेनात, मी डोळे वटारले, तेव्हा त्यांनी अल्लाचं नाव घेऊन काढली. रिकामी होती हो, चापाला कुलूपही होतं, उगाच घाबरू नका. मी ती दोन्ही हातांत धरून आजोबांना समजावत होते, "हिनं एकशे दहा किलोंचा दाढीवाला जागच्या जागी..."

दार उघडलं.

आत एक गृहस्थ आले. जाड मान. पोट सुटलेलं. दाढी. डोळ्यांवर झोप. वय धरा बेचाळीस.

आजोबा काठीनं त्यांच्याकडे दाखवत आनंदानं म्हणाले, "आला बघ! पाणवठ्यावर आला!"

मुश्ताकभाई पुटपुटले, "अस्सलाम आलेकुम, बू फहद."

मालक! एक दिवस आधीच! आणि मी त्यांच्यासमोर थ्री नॉट एट घेऊन उभी! माझं पहिलंच दर्शन, आणि तेही हातात बंदूक धरून. आजोबा म्हणजे मालकाचे वडील. या दुकानाचा पहिला खिळा ज्यांनी ठोकला ते. आणि जनावर म्हणजे…

बाप-लेकांचं अरबीत सुरू झालं. मला अरबी फक्त आकड्यांपुरतं येतं, आणि दुर्दैवानं त्यात आकडेच जास्त होते. एकशे दहा आला. बेचाळीस आला. मग आजोबांनी माझी वहीच मुलापुढे धरली आणि इतके हसले, इतके हसले की मी पुन्हा पाणी आणायला धावले.

बू फहद हसला नाही. तो फलकासमोर जाऊन उभा राहिला. वरपासून खालपर्यंत वाचलं. मग इंग्रजीत विचारलं, "बदक? पॉइंट टू टू? उडत्या बदकावर रायफलची गोळी?"

मुश्ताकभाई खालच्या आवाजात मराठीत सांगू लागले, "वहिनी, उडत्या पाखराला रायफल चालत नाय. ती एकच गोळी, पाखराला लागायची नाय नि पुढं दोन किलोमीटरवर कुनाच्या टकल्यात जायची. पाखराला बारा बोर. छऱ्याची. शंभर दाने पसरतात, एक तरी लागतो."

पंख. ते पंखांबद्दल सांगत होते. आणि मी वजन धरलं होतं!

फलक डोळ्यांपुढे दिसेना. दिसत होता तो अमोल, फोनमधून मान वर न करणारा. संपली ट्रायल. जाऊ दे की एक महिना. आणि महिनाही पुरा नाही झाला!

खरं तर इथं माणसानं 'सॉरी सर' म्हणून पर्स उचलावी. मीही तेच करणार होते. तोंड उघडलं, आणि देवाशपथ सांगते, त्यातून निराळंच बाहेर पडलं.

"सर," मी म्हटलं, "बदकाच्या बाबतीत माझी चूक झाली. शंभर टक्के. तो खाना मी बदलते. पण एकशे दहा किलोंच्या खान्यात काही चूक नाही!"



मुश्ताकभाई डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते. बहुतेक माझ्यासाठीच.

"आणि दुसरं," आता सुटलेच होते, तर म्हटलं बोलून घ्यावं, "जे जनावर बापानं बोलावल्यावर येत नाही, त्याच्याबद्दल मला जेवढी माहिती दिली गेली, तेवढ्यावर मी सल्ला दिला. माहिती चुकीची असेल तर तसं त्यांना सांगा!"

बू फहदची मान, ती जाड मान, हळूहळू लाल झाली. त्यानं वडिलांकडे पाहिलं. वडील काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून त्याच्याकडेच बघत होते. आता हसत नव्हते. मग आजोबा उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवला, "खुश रहो" म्हणाले, आणि काठी टेकत बाहेर पडले.

बू फहद दारातून ते गाडीत बसेपर्यंत बघत राहिला. मग वळला. काउंटरवरच्या बंदुकीकडे पाहिलं. "त्यांनी घेतली नाही?"

"कशी घेतील?" मी म्हटलं. "माझे प्रश्नच संपले नव्हते. वारा कुठून वाहतो ते विचारायचं राहिलं होतं."

तो म्हणाला, "उद्या सकाळी ये. सिव्हिल आयडीची कॉपी घेऊन ये."

कशासाठी? काढून टाकायला आयडीची कॉपी कशाला लागते? रात्रभर... जाऊ दे, त्या रात्रीबद्दल बोलायला नको. सकाळी गेले, तर पक्क्या नोकरीचा कागद! आणि काम कुठलं? बंदुकांचं काउंटर! फक्त आणि फक्त बंदुकांचं काउंटर!

त्या संध्याकाळी घरी माझा जो रुबाब होता, काय सांगू! कागद जेवणाच्या टेबलावर अमोलच्या ताटाशेजारी ठेवला. त्यानं फोन बाजूला ठेवला. चक्क उलटा ठेवला! सासूबाईंनी शिरा केला आणि नाशिकला फोन लावून नणंदेला सांगितलं, "हिला तज्ज्ञ म्हणून घेतलंय गं." मी दुरुस्त केलं नाही. कशाला करू?

तीन दिवस मी तज्ज्ञ होते. चौथ्या दिवशी राहवेना. फलक तर उतरवला होता, बदकाची बंदूकही मला ओळखता आली नव्हती, मग हे काउंटर माझ्याकडे का? मुश्ताकभाईंना विचारलं.

त्यांनी आधी इकडेतिकडे पाहिलं. "वहिनी, रागवायचा नाय."

"नाही रागवत."

"शेटच्या बाबांचा वय ऐंशीच्या वर. डोळ्यांनी धड दिसत नाय. पन म्हयन्याला एक बंदूक उचलतात. दुकान त्यांचाच, नाय कोन बोलनार? पोरगे बोलून थकले, डाक्टर बोलून थकला, मी तर बोलतच नाय. बावीस वर्सांत बाबा ह्या काउंटरवरनं रिकाम्या हातानं गेले, ता पैल्यांदा. त्या बुधवारी."

"म्हणजे?"

"शेट म्हनाला, ही बाई मानसाला इतक्या इचारते, इतक्या इचारते की तो घ्यायचाच इसरतो. हिला तिथंच बसवा."

म्हणजे मला बंदुका विकायला ठेवलेलंच नाही. मला त्या विकल्या जाऊ नयेत म्हणून ठेवलंय! अख्ख्या राईत, कदाचित अख्ख्या कुवेतमध्ये, मालानं दुकानातच राहावं म्हणून पगार घेणारी मी एकटीच असेन.

बरं, मग? लाज वाटायची काय गरज आहे? उलट तुम्हाला एक सांगते, बू फहद आता दर सोमवारी वडिलांच्या दिवाणियात जाऊन बसतो, मुश्ताकभाईंनी स्वतः पाहिलंय. थ्री नॉट एटचा गुण न झाडताच आला की नाही? आहे कुठल्या औषधात ही ताकद?

आणि बाबा दर बुधवारी न चुकता येतात. बंदूक मागतात. मी वही उघडते. तासभर प्रश्न विचारते. आणि ते रिकाम्या हातानं परत जातात. आजपर्यंत एकदाही हरले नाही मी!

फक्त जाता जाता तेही मला दोन-चार प्रश्न विचारतात. घरी किती माणसं? सासूबाईंचे गुडघे कसे आहेत, खाली बसता येतं का? मुलगी वाऱ्याला घाबरते? नवरा सुट्टीच्या दिवशी फोन घेऊनच बसतो ना? मी सगळं मन मोकळं करून सांगते. इतकं आपुलकीनं कोण विचारतं हो? पन्नास वर्षं गिऱ्हाईक सांभाळलेला माणूस!

आत्तापर्यंत मी त्यांच्या सल्ल्यानं घरी दोन थर्मास, वाळूत रुतलेली गाडी काढायची फावडी, उंटाच्या केसांची सतरंजी आणि एक कंदील आणलाय. गेल्या बुधवारी तंबू आणला.

तंबू सहा माणसांचा आहे. आमचा हॉल चार माणसांचा.